दुसरं नाव

१८ फेब्रुवारी

आज नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी जेवताना सासूनं सांगून टाकलं. मीठ कमी पडलंय असं सांगावं तितक्या सहज, ताटलीत लाल भात वाढता वाढता.

"गेम्बो, हे तुमचं सहावं नवं वर्ष. या वर्षी देमाच्या पोटी काही आलं तर ठीक. नाहीतर तू तुझी पेटी उचल. मला या घराला मुलगी पाहिजे."

देमानं मान वर केली नाही. मी मिरची-चीज आणखी मागून घेतलं आणि खात राहिलो. ओठावर आलं होतं की, जावई वर्षातून दोनदा घरी येतो, मूल काय फोनवरून होतं? पण घर आईचं, उद्या देमाचं, मग देमाच्या मुलीचं. मी पेटी घेऊन आलेला माणूस. खालच्या घरचा जावई मागच्या वर्षी असाच गेला. पेटी, रेडिओ आणि कोंबडा घेऊन. कोंबडा त्याचाच होता म्हणे. गावात कोणाला त्यात काही वाईट वाटलं नाही, मलाही नाही.

ही वही मी डंपरच्या फेऱ्या लिहायला घेतली होती. सहावीत शाळा सोडली, दोन वर्षं मठात राहिलो, तिथून पळालो, सफरचंदं उतरवली, ट्रकवर क्लीनर झालो, आता पूर्वेकडे धरणाच्या बोगद्यात डंपर चालवतो. एका जागी टिकत नाही असं सगळे म्हणतात. या घरात मात्र सहा वर्षं टिकलोय, ते कोणी म्हणत नाही.

२२ फेब्रुवारी

टेकडीवरच्या वेड्या लामाच्या देवळात जाऊन आलो. सासू पुढे, हातात लोण्याची पुडी आणि घरच्या दारूची बाटली. वेड्या लामाला दारू चालते, नव्हे, लागतेच. पाचशे वर्षांपूर्वी राक्षसिणीला त्यानं मंत्रानं नाही, आपल्या लिंगानं जिंकलं. म्हणून आमच्या खोऱ्यात दर घराच्या भिंतीवर ते रंगवलेलं असतं. परदेशी बायका त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि लाजतात. आम्ही त्याला टेकून सरपण रचतो.

देमानं ते लाकडाचं मोठं लिंग मूल बांधतात तसं पाठीला बांधलं आणि देवळाला तीन फेऱ्या घातल्या. प्रार्थनाचक्राशी म्हातारे बसले होते. एकजण ओरडला, "पोरी, घट्ट धर गं! घरचा तर कायम बोगद्यात असतो!" दुसरा म्हणाला, "बोगदा खणतो खरा, पण भलत्याच डोंगरात." सगळे हसले, देमा तर एवढी हसली की फेरी चुकता चुकता राहिली. मी पण हसलो. काय करणार.

आत देवळाच्या लामानं तिच्या डोक्याला हस्तिदंती लिंग टेकवलं, मग धनुष्यबाण. मग नावं लिहिलेल्या बांबूच्या पट्ट्यांची जुडी पुढे केली. देमानं डोळे मिटून एक पट्टी ओढली. लामानं वाचलं, "किन्ले ल्हामो." मुलगी! सासू तिथंच रडायला लागली. सासूला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

लामा तरुण आहे, शहरात शिकलेला. निघताना म्हणाला, "नाव मिळालं. आता दोघं एकदा दवाखान्यात पण दाखवून या." उतरताना सासू सगळ्या वाटेनं पुटपुटत होती. "देवाच्या दारात बसून डॉक्टरचं नाव घेतो. याच्या आधीचा म्हातारा बरा होता."

६ मार्च

कॅम्पवर परत. ट्रकमधून येताना खिंडीत बर्फ. बोगद्यात नवीन सुरुंग लावलेत, दगड बाहेर काढायला डंपर कमी पडतायत. घरी असलो की इथं यावंसं वाटतं, इथं आलो की घरी. देमा म्हणते तुझ्या पायाला मुंग्या आहेत.

२ एप्रिल

दोन रेषा! औषधाच्या दुकानातून पट्टी आणून बघितली, दोन रेषा आल्या. देमाचा फोन आला तेव्हा मी डंपर मागे घेत होतो, भिंतीला ठोकणार होतो.

माझा जोडीदार वांगडा म्हणाला, "तुझं काम नाही हे, वेड्या लामाचं आहे."
"लामाचं असू दे, नाव माझं लागेल."
"नाव तर बांबूवर आलंय की."

दारू प्यालो, दोघंही. सासूनं फोनवर मला "पोरा" म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. आता पेटी कुठे हलत नाही.

२१ एप्रिल

देमाला फार उलट्या होतात. पाणी पण राहत नाही पोटात. आवाज बारीक झालाय. मी म्हटलं, खालच्या आरोग्यकेंद्रात जाऊन ये. तर सासूनं फोन तिच्या हातातून घेतला.

"तीन महिने पुरे होऊ देत. तिथं ओसरीवर आख्खं गाव बसलेलं असतं. एकीनं बघितलं की दहा तोंडं. लोकांच्या तोंडाची बाधा पोटाला लागते, तुला ठाऊक नाही?"

ठाऊक आहे. माझ्या बहिणीचं पाचव्या महिन्यात तसंच गेलं, सगळ्या बाजारात सांगत सुटली होती. मी म्हटलं, आई, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.

९ मे

देमानं फोटो पाठवला. पोट बघून मी हबकलोच. आत्ताशी कुठे अडीच महिने होतायत आणि पोट पाचव्या महिन्यासारखं! सासू म्हणते, जुळं. तिच्या आजीला झालं होतं. वांगडानं फोटो बघितला आणि म्हणाला, "एका पट्टीवर दोन? लामानं हिशेबात चूक केली." आख्ख्या कॅम्पला माहीत झालंय. मी सांगायला नको होतं, पण हे लोक आमच्या गावचे नाहीत, त्यांच्या तोंडाची बाधा इतक्या लांब पोचणार नाही.

फोटोत देमाचा चेहरा पिवळा दिसतो. फोन जुना आहे, सगळं पिवळंच येतं.

१४ मे

सासू दुसरं नाव आणायला एकटीच टेकडी चढून गेली. लामा म्हणाला, "दोन आहेत हे कोणी बघितलं? आधी दवाखान्यात यंत्रावर पोटाचा फोटो काढा, मग दुसरं नाव देतो. आणि उशीर करू नका." सासू म्हणाली, देव देतो आणि हा अडवतो.

मग सासूनं काय केलं, तर लामा दिव्यात लोणी घालायला वळला तेव्हा तिनं जुडीतून एक पट्टी उपसून चोळीत टाकली! घरी येऊन शेजारच्या पोरीकडून वाचून घेतली. 'किन्ले दोरजी'. मुलगा. फोनवर सांगताना सासू लहान मुलीसारखी हसत होती. "अरे, वेडा लामा स्वतः काय कमी चोर होता? त्यानं बघितलं असेल तर हसला असेल."

मला आवडलं. सासू अशी आहे हे माहीत नव्हतं.

१८ मे

रोज फोन करतो आणि रोज विचारतो, हललं का? काल देमा म्हणाली, हो, हललं. मी विचारलं, दोन्ही? ती म्हणाली, दोन्ही. मी डंपरच्या केबिनमध्ये एकटाच नाचलो.

मग म्हणाली, "गेम्बो, तू ये ना."
"आत्ताच तर आलो होतो."
"ये. दोन दिवस राहा आणि जा."
"मुलं झाली की येतो. तेव्हा सुटी लागेल, आत्ताच संपवू का?"
"बरं," म्हणाली. मग म्हणाली, "थोडं लाल लागतंय कपड्याला."
"आई काय म्हणते?"
"जुनं रक्त आहे, निघून जातंय."
"मग झालं."

खरं सांगायचं तर सुटी मिळाली असती. पण आत्ता गेलो तर सासूच्या घरात पुन्हा पेटीवर बसायचं. मुलं झाल्यावर जाईन तो बाप म्हणून जाईन. आतल्या खोलीत बिछाना घालतील.

२५ मे

मावशीचा फोन. देमाची धाकटी मावशी, राजधानीत असते. गाडीतून देमाला जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय. रक्त थांबत नाही. मुकादमाला न विचारता निघालो. वांगडानं त्याचं जाड जाकीट दिलं.

२७ मे

वाटेत दरड कोसळली होती. अडकलेल्या गाड्यांमधून चालत गेलो, पलीकडून दुसरा ट्रक धरला.

देमा जिवंत आहे. पांढरी फटक, पण जिवंत. रक्त चढवलंय.

डॉक्टरीणबाईंनी मला आणि देमाला दोघांनाही सांगितलं. त्यांनी दोनदा सांगितलं तेव्हा कळलं. मूल नव्हतं. दोन नव्हती, एकही नव्हतं. बी नीट रुजलंच नाही. मुलाला पोसायला आत जे वाढतं तेवढंच वाढत सुटलं, द्राक्षांच्या घडासारखं, पाण्याच्या फोडांचं. म्हणून पोट एवढं मोठं, म्हणून एवढ्या उलट्या.

मी म्हटलं, "पण दोन रेषा आल्या होत्या."
"त्या येतातच. या आजारात तर जास्तच."
"कधीपासून असं?"
"पहिल्या दिवसापासून. कोणाची चूक नाही. फक्त लवकर यायला हवं होतं."
मी म्हटलं, "पण हललं होतं. तिला कळत होतं, दोन्ही."

बाई देमाकडे बघत राहिल्या. देमा छताकडे बघत होती. बाई गेल्यावर म्हणाली,
"कधीच हललं नाही."
"मग तू..."
"तू रोज विचारायचास."

सासू इथं नव्हती. गुरं आहेत म्हणून सकाळीच घरी गेली. नर्सनं तिला एवढंच सांगितलं की मूल गेलं. ती म्हणे उभ्या जागी खाली बसली आणि मग उठून काही न विचारता चालायला लागली.

३० मे

घरी जाऊन देमाचे कपडे आणले. सासू गोठ्यात होती. मी म्हटलं, "आई, डॉक्टर म्हणतात..." ती म्हणाली, "नको सांगू." शेण भरत राहिली. पोरगी दवाखान्यात आणि हिला शेण दिसतं.

२० जून

डॉक्टरीणबाईंनी राजधानीच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं दर आठवड्याला देमाचं रक्त तपासतात. त्यात एक आकडा असतो, तो खाली यायला हवा. साफ केल्यावरही आत काही उरलं असेल तर तो खाली येत नाही. मावशीकडे राहतो. मावशीचं घर लहान, तिचा नवरा रोज विचारतो, "मग, बोगदा सुरू का बंद?" कंपनीनं माझ्या जागी दुसरा घेतला, वांगडानं कळवलं. वाईट वाटायला पाहिजे होतं.

सासू एकदाही बघायला आली नाही. लावणी आहे म्हणते. लावणी सगळ्यांचीच असते.

११ जुलै

आकडा वर गेला. कॅन्सरला देतात ती इंजेक्शनं सुरू करणार. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडलं तर नंतर मूल होऊ शकतं, पण वर्षभर तरी नको. मला तेवढंच ऐकू आलं, होऊ शकतं. देमाला म्हटलं, बघ, होऊ शकतं. ती म्हणाली, "मला तहान लागलीय."

२ ऑगस्ट

देमाच्या तोंडात फोड आलेत. गार पेज चमच्यानं पाजतो. केस उशीवर राहतात. मावशीनं टोपी विणली, देमा घालत नाही. म्हणाली, मठातून तू पळालास, आता मी भरती होते. दोघं हसलो. खूप दिवसांनी.

१९ ऑगस्ट

पुन्हा रक्त गेलं. आधीपेक्षा जास्त. मी कपडा धरून उभा होतो, कपडा हातात जड झाला.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, पिशवी काढावी लागेल. औषध चालूच राहील, पण पिशवी आत्ताच काढू. मी म्हटलं, "थोडं थांबता येणार नाही का? एक इंजेक्शन आणखी बघू." डॉक्टर म्हणाले, "थांबायला तिच्यात रक्त किती उरलंय?"

देमानं आतून ऐकलं असणार. म्हणाली, "काढा." ते ती डॉक्टरांशी बोलली, माझ्याशी नाही. मग डॉक्टरांनी मला विचारलं. मी मान हलवली. किती वेळानं हलवली ते मला आठवत नाही. तिला आत नेताना मी पलंगाबरोबर चालत होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती. भूल द्यायच्या आधी लोक असेच असतात म्हणे.

२८ ऑगस्ट

आकडा खाली आला. पहिल्यांदा. डॉक्टर हसले. आणखी दोन-तीन आठवडे औषध आणि मग घरी.

देमा म्हणाली, "तू आधी घरी जा. आईला सगळं सांग. पिशवीचं सांग. आणि हे पण सांग की मूल नव्हतंच, पहिल्या दिवसापासून."
"ते कशाला? पिशवीचं सांगतो."
"ते पण सांग. मावशी म्हणते, आई बोलत नाही कोणाशी. मला फोनवर सांगता येत नाही. मी हॅलो म्हटलं की ती फोन ठेवते."
"ठीक आहे."
"सांगशील ना?"
"म्हटलं ना, सांगतो."

रात्री पडल्या पडल्या विचार करत होतो. सांगितलं की पेटी. या घराला मुलगी येणार नाही, मग माझं काम काय? देमा सांगेल, राहू दे त्याला. पण देमा आता माझ्याकडे बघत नाही.

३० ऑगस्ट

घरी पोचलो तर दार उघडं, सासू नाही. शेजारीण म्हणाली, टेकडीवर. रोज जाते. दुपारी आली. मी ओळखलीच नाही, इतकी वाळलीय. कपाळावर मातीचा डाग. नेसलेल्या किऱ्यावर गुडघ्यापाशी दोन काळी वर्तुळं, त्यातून लाल वर आलेलं. खालच्या वाटेपासून देवळापर्यंत दंडवत घालत जाते, दर पावलाला आडवी होऊन.

मी ओसरीत उभा होतो. तोंड उघडलं होतं. ती सरळ आली आणि माझे पाय धरले. सासूनं जावयाचे!

"पोरा, मी मारली रे तुझी मुलं. देवाच्या पुढून नाव चोरलं मी. एक दिलं होतं, ते पण नेलं त्यानं. माझ्या पोरीला फाडलं. मी तोंड कसं दाखवू तिला?"

मी म्हणालो, "उठा आई."
"तुला राग येत नाही माझा?"
"उठा."
"तू मला या घरातून हाकललंस तरी मी जाईन. घर तुझं. तुझं आणि देमाचं. मी नाव घेणार नाही पुन्हा मुलीचं."

मी तिला उठवलं. चुलीपाशी बसवलं. चहात लोणी घातलं. सांगणार होतो. ती चहा पिताना तिच्या हातातून वाटी निसटत होती, मी म्हटलं, आत्ता नको, जरा शांत होऊ दे.

संध्याकाळी तिनं आतल्या खोलीत माझा बिछाना घातला.

६ सप्टेंबर

देमाचा फोन. "सांगितलंस?"
"पिशवीचं सांगितलं." (सांगितलं. सासू म्हणाली, ते पण माझ्यामुळेच.)
"आणि दुसरं?"
"सांगतो. रोज टेकडीवर जाते, हाती लागत नाही."
"गेम्बो."
"सांगतो म्हटलं ना."

१७ सप्टेंबर

भात पिवळा पडायला लागलाय. बांध दुरुस्त केले, कुंपण घातलं. सासू प्रत्येक गोष्ट मला विचारते. कोणता बैल विकू, बी कोणतं ठेवू. गावात बायका मला गेम्बो म्हणायच्या, आता देमाचा मालक म्हणतात. पायाला मुंग्या येत नाहीत. बोगद्याची आठवण पण येत नाही.

लामा आज वाटेत भेटला. म्हणाला, "तुमच्या सासूबाईंना थांबवा. मी सांगून दमलो की एका पट्टीनं कोणाचं काही होत नाही, त्यांना वाटतं मी धीर देतोय. दवाखान्यात काय म्हणाले ते तुम्ही का नाही सांगत? तुमचं ऐकतील."
मी म्हटलं, "सांगितलं. ऐकत नाही."

हे मी का म्हटलं ते माहीत नाही. तोंडातून गेलं.

२६ सप्टेंबर

देमा परवा येते. मावशी सोडायला येणार आहे. सासूनं सुकवलेलं डुकराचं मटण काढून ठेवलंय, आतली खोली सारवलीय, आणि स्वतःचा बिछाना धान्याच्या कोठारात नेलाय. म्हणते, मी तिच्या नजरेस पडणार नाही.

आज टेकडीवरून आली तेव्हा डाव्या गुडघ्यातून रक्त वाहत होतं, कातडं सुटून आलेलं. मी गरम पाण्यानं धुतलं, मलम लावलं, फडकं बांधलं. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "माझ्या पोटी मुलगा असता तर त्यानं पण एवढं केलं नसतं. माझं पाप माहीत असून तू मला जवळ करतोस."

मी गाठ नीट बसली का ते बघितलं.

मग तिनं मला वाढलं. आधी मला, मटणाचा मोठा तुकडा घालून. स्वतः काही घेतलं नाही. मी जेवलो.

देमा आल्यावर दोघींना एकत्र बसवून सांगेन. किंवा भाताची मळणी झाली की. मळणीला माणूस लागतो.